चादरीचे ओझे

२०२५ च्या जानेवारीत, भोगीच्या दिवशी सकाळी, भाजीसाठी ओला हरभरा सोलत ओट्याशी उभी असताना माझ्या कमरेत पहिली कळ आली. ती दोन्ही खुब्यांमधून मांड्यांच्या मागच्या अंगाने पोटऱ्यांपर्यंत उतरली, आणि मी बसले, आडवी झाले, कुशीवर वळले, तरी तिच्यात फरक पडला नाही. संक्रांतीच्या रात्री ती इतकी वाढली की पहाटेपर्यंत मी घरात भिंतीला धरून येरझाऱ्या घातल्या. त्याच्या आठ-नऊ दिवस आधी घरात तिघांनाही जुलाब झाले होते. मीठ-साखरेचे पाणी पिऊन ते थांबले आणि आम्ही ते विसरूनही गेलो. जुलाब आणि कंबरदुखी यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, हे त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्या मनात येण्यासारखे नव्हते.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, धायरीत राहतो. मी एका पतसंस्थेत लेखापाल आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या एकोणपन्नास वर्षांच्या बाईची कंबर दुखली की जे निदान होते तेच माझे झाले. जवळच्या डॉक्टरांनी सायटिका म्हणून वेदनाशामक इंजेक्शन दिले, पट्टा सांगितला आणि विश्रांती घ्यायला सांगितली. माझे पाय त्या दिवशी व्यवस्थित उचलत होते, त्यामुळे त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. मात्र पुढे जे समजले त्यावरून ही गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटते, की माझ्या आजाराची सुरुवात अशक्तपणाने झाली नव्हती, वेदनेने झाली होती, आणि दुखणे कमरेचे नसून मज्जातंतूंच्या मुळांचे होते.

१६ तारखेला तळव्यांना मुंग्या आल्या. १७ तारखेला जिन्याच्या चौथ्या पायरीवर गुडघा दुमडला. १८ तारखेला, शनिवारी, दारापासून रिक्षापर्यंत जाताना उजव्या पायातली चप्पल वाटेतच राहिली आणि मला ते कळले नाही. मागून येणाऱ्या मुलीने ती उचलून आणली तेव्हा तिचा चेहरा पाहून मी घाबरले. रुग्णालयात तपासणाऱ्या मज्जातंतूतज्ज्ञ डॉक्टरांनी रबरी हातोडीने गुडघ्यावर, घोट्यामागे, कोपरावर ठोकून पाहिले; कोठेही काही हलले नाही. मग हातोडी खिशात ठेवत त्यांनी विचारले, "ताई, गेल्या महिन्याभरात जुलाब किंवा ताप येऊन गेला का?" त्यांच्या प्रश्नातूनच निदान पुढे आले. ते होते गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे त्याच सुमारास वर्तमानपत्रांमुळे पुण्यात सर्वांच्या तोंडी झालेला जीबीएस. एरवी लाख लोकसंख्येत वर्षाला एखाद-दुसऱ्यास होणारा हा आजार किरकटवाडी, नांदेडगाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात एकाच वेळी इतक्या जणांना झाला, की पुढे संशयित रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत गेलेल्या नमुन्यांपैकी काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्याकडे वळला.

पोटातल्या जिवाणूने पाय लुळे कसे पडतात, हे यजमानांनी डॉक्टरांना तीनदा विचारले आणि त्यांनी तिन्ही वेळा न कंटाळता सांगितले. या जिवाणूच्या बाह्य आवरणावर शर्करायुक्त रेणू असतात. त्यांची ठेवण आपल्या मज्जातंतूंवरील गँग्लिओसाइड नावाच्या स्निग्ध रेणूंशी हुबेहूब जुळते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तीच प्रतिपिंडे पुढे स्वतःच्या मज्जातंतूंना चिकटतात. कोणाच्या बाबतीत त्यामुळे मज्जातंतूचे मायलिनचे आवरण सोलवटते, तर कोणाच्या बाबतीत आतला तंतूच जखमी होतो. माझ्या नर्व्ह कंडक्शनच्या तपासणीत पायातील संदेशाचा वेग सेकंदाला २४ मीटर आला होता, जो निरोगी माणसात ४० च्या वर असतो. म्हणजे माझ्या बाबतीत मुख्यतः आवरणावर घाला पडला होता. पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी त्या दिवशी निर्दोष निघाले. त्यावरून आम्हाला क्षणभर आशा वाटली, पण पहिल्या आठवड्यात ते तसे असू शकते आणि त्याने निदान बदलत नाही, हे आम्हाला लगेच सांगण्यात आले.

त्या संध्याकाळपासून माझ्या खाटेशी एक चाचणी सुरू झाली, जिच्यासाठी कोणतेच यंत्र लागत नाही. निवासी डॉक्टर दर चार तासांनी येऊन म्हणत, "काकू, खोल श्वास घ्या आणि त्या एकाच श्वासात आकडे मोजा. मराठीतच मोजा." पहिल्या रात्री मी एकतीसपर्यंत पोहोचले. आयुष्यभर रकमांच्या उभ्या बेरजा केल्या, तरी आकड्यांची अशी भीती मला कधी वाटली नव्हती. रविवारी सकाळी चोवीस, रात्री एकोणीस, सोमवारी दुपारी चौदा. यजमान हे आकडे एका शंभर पानी वहीत लिहीत होते आणि ती वही अजून आमच्याकडे आहे. यंत्रात फुंकून मोजलेली श्वासाची क्षमताही त्याच्याच जोडीने उतरत होती. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली ती गेली की रुग्णाला व्हेंटिलेटरवर घेण्याचा निर्णय लांबवू नये, असा दंडक आहे. माझे वजन ६० किलो, त्यामुळे माझी रेषा १२०० मिलिलिटरवर होती. मंगळवारी, २१ तारखेला पहाटे, आकडा ११०० आला. मला दरदरून घाम फुटलेला नव्हता, धापही लागलेली नव्हती, फक्त बोलताना वाक्य मध्येच तुटत होते. श्वास पूर्ण थांबायची वाट न पाहता नळी घातली, याबद्दल मी त्या डॉक्टरांची ऋणी आहे.

औषध रविवारी संध्याकाळीच सुरू झाले होते. रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळी केलेली प्रतिपिंडे, म्हणजे आयव्हीआयजी, किलोमागे रोज ०.४ ग्रॅम या हिशेबाने पाच दिवस द्यायची असतात. माझ्या वजनाला रोज २४ ग्रॅम, एकूण १२० ग्रॅम. खर्च लाखांत होता. प्लाझ्मा बदलण्याचा दुसरा उपाय तितकाच गुणकारी असतो, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. त्याचा उपयोग १९८५ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीने, आणि आयव्हीआयजीची बरोबरी १९९२ साली नेदरलँड्समधील चाचणीने दाखवून दिली आहे. माझा रक्तदाब वर-खाली होत असल्यामुळे त्यांनी आयव्हीआयजी निवडले.

यापुढचे सहा दिवस मला सर्वांत तपशिलाने सांगायचे आहेत, कारण हा लेख मी त्यांच्यासाठीच लिहीत आहे.

नळी घालताना दिलेली गुंगी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरू लागली. मी पूर्ण शुद्धीवर होते. आवाज नव्हता, कारण नळी स्वरतंतूंमधून गेलेली होती. हात-पाय हलत नव्हते. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू लुळे पडले होते, त्यामुळे कपाळावर आठी पडत नव्हती, ओठ दाबता येत नव्हते, पापण्याही पुऱ्या मिटत नव्हत्या. सिस्टर डोळ्यांत थेंब घालून रात्री त्यांवर पट्टी लावीत. आणि या सगळ्या काळात माझे तळपाय अक्षरशः जळत होते. कमरेची कळ होतीच, मांड्यांच्या स्नायूंत कोणीतरी पिळा देत असल्यासारखे होत होते, पण तळपायांची गोष्टच वेगळी होती. तेथे चादरीचा स्पर्श सहन होत नव्हता. पांघरलेल्या पातळ सुती चादरीची कड पावलावर सरकली की तापलेल्या तव्यावर पाय ठेवल्यासारखे वाटे. दर दोन तासांनी दोन मावशी आणि एक मामा मला कुशीवर वळवीत, अतिशय काळजीने वळवीत, आणि शेवटी मायेने चादर पायांपर्यंत नीट ओढून देत.

वहीत त्या दिवसांची नोंद आहे. यजमानांनी खाटेच्या पायथ्याशी असलेल्या तक्त्यावरून रोज जे जे उतरवून घेतले, त्यात नाडी, रक्तदाब, लघवीचे माप यांच्या खाली एक ओळ दर पाळीला सारखीच आहे: "वेदना – ३ (सिस्टर म्हणाल्या, म्हणजे नाही)."

हा ३ कोठून आला, ते मला कित्येक महिन्यांनी समजले. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वेदना ओळखण्यासाठी अतिदक्षता विभागात जी मोजपट्टी वापरतात, ती २००१ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी मांडली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: चेहऱ्यावरचे भाव, हातांची हालचाल, आणि रुग्ण व्हेंटिलेटरशी जुळवून घेतो की झगडतो. प्रत्येकीला कमीत कमी १ गुण, म्हणजे एकूण ३ हा सर्वांत खालचा आकडा, आणि १२ हा वरचा. पट्टी चांगली आहे. तिच्यामुळे जगभरातील असंख्य मूक रुग्णांची वेदना तक्त्यावर आली. परंतु ती चेहरा आणि हात वाचते. ज्या आजारात चेहरा आणि हातच जातात, त्या आजाराच्या रुग्णाला ही पट्टी लावली तर तिचे उत्तर ठरलेले असते. नाडी आणि रक्तदाब यांवरूनही अंदाज बांधता आला नसता, कारण जीबीएसमध्ये त्यांना चालवणारे मज्जातंतूही बिघडतात. माझा रक्तदाब एका तासात १८० वर जाऊन ९० वर येत होता आणि नळीतला कफ ओढताना नाडी एकदम मंदावत होती. त्या तक्त्यावर प्रामाणिकपणे लिहिलेला प्रत्येक ३ खोटा होता, आणि लिहिणाऱ्या एकाही सिस्टरची त्यात चूक नव्हती.

२७ तारखेला मुलगी एक पुठ्ठा घेऊन आली. ती औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रुग्णालयाच्या उपाहारगृहात बसून तिने त्यावर जाड पेनने वर्णमाला लिहिली होती: वर स्वरांची ओळ, खाली क, च, ट, त, प हे पाच वर्ग, त्याखाली य ते ळ. आपल्या वर्णमालेची पाच-पाच अक्षरांची मांडणी या कामाला इतकी सोयीची आहे, की ती याच कामासाठी केली असावी असे मला तेव्हा वाटले. माझी बुबुळे हलत होती. डोळे वर म्हणजे होय, खाली म्हणजे नाही. ती आधी ओळींवरून बोट फिरवी. मी डोळे वर केले की त्या ओळीतील अक्षरांवरून.

माझा पहिला शब्द "चादर" होता. च-वर्ग, पहिले अक्षर. काना. त-वर्ग, तिसरे. शेवटच्या ओळीतला र येण्याआधीच मुलीला शब्द कळला आणि आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आले. "आईला थंडी वाजते आहे," असे म्हणून तिने चादर छातीपर्यंत ओढली आणि पायांवर घडी केलेले ब्लँकेटही टाकले.

त्या क्षणी मला काय झाले ते सांगता येणार नाही. मी डोळे खाली, खाली, खाली नेत राहिले. तिने घाबरून पुठ्ठा पुन्हा धरला. मी "काढ" लिहिले. मग "आग". मग "पाय". मुलीने ब्लँकेट आणि चादर काढून टाकली, माझ्या पावलांकडे पाहिले, तेथे काहीच दिसत नव्हते, तरी ती तडक ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलवायला गेली. त्यांनी विचारले, "दुखते आहे? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. मी मोजतो, बरोबर आकडा आला की डोळे वर करा." मी आठला डोळे वर केले. त्यांनी तक्ता हातात घेतला, त्यावरचे ३ पाहिले आणि काही वेळ ते काही बोलले नाहीत. मग सिस्टरना म्हणाले, "यांना पट्टी लावायची नाही. यांना विचारायचे."

त्याच रात्री दोन गोष्टी झाल्या. पहिली अगदी साधी होती. पायांवर लोखंडी कमान ठेवून चादर तिच्यावरून टाकली गेली, जेणेकरून पावलांना तिचा स्पर्श होऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे नाकातल्या नळीवाटे गॅबापेंटिन हे औषध सुरू झाले, ३०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. आधी फेंटॅनिल हे अफूच्या जातीचे वेदनाशामक थोडे थोडे दिले जात होते, पण त्याने आतडी मंदावतात, आणि या आजारात ती आधीच मंदावलेली असतात. डॉक्टरांनी मुलीला सांगितले की, जीबीएसच्या वेदनेसाठी हे औषध वापरण्यामागचे काम आपल्याच देशात, लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या अतिदक्षता विभागात झाले आहे.

मुलीने ते दोन्ही शोधनिबंध मिळवले आणि पुढे घरी आल्यावर आम्ही दोघींनी ते ओळीओळीने वाचले. पहिला २००२ सालचा आहे. १८ रुग्णांना आळीपाळीने एक आठवडा गॅबापेंटिन आणि एक आठवडा निष्क्रिय पूड देण्यात आली, मध्ये दोन दिवसांची विश्रांती ठेवली, आणि कोणाला केव्हा काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि वेदना नोंदवणाऱ्यालाही नव्हते. औषधाच्या आठवड्यात दहापैकी सुमारे ७ असलेली वेदना २ च्या आसपास आली आणि वरून लागणारे फेंटॅनिलही कमी झाले. दुसरा २००५ सालचा असून त्यात ३६ रुग्ण होते, आणि कार्बामाझेपिन या दुसऱ्या औषधाशी तुलना करता गॅबापेंटिन सरस ठरले. हे वाचताना मी थांबून राहिले. ते अठरा आणि छत्तीस जण माझ्यासारखेच खाटेला खिळलेले होते. त्यांतल्या प्रत्येकाने आपल्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट आठवड्यात, कदाचित आपल्याला औषध नव्हे तर पूड मिळत असेल हे जाणून, दिवसातून अनेकदा आपल्या वेदनेचा आकडा कोणाला तरी सांगितला होता. माझ्या नळीतून उतरलेल्या औषधामागे त्यांची ती उत्तरे होती. त्यांची नावे मला कधी कळणार नाहीत. त्यांच्याविषयी मला जे वाटते त्याला कृतज्ञता हा शब्द अपुरा आहे.

मला स्वतःला तिसऱ्या दिवशी उतार जाणवला. आठाचा पाच झाला, आठवड्याने तीन-चार. वेदना गेली नाही, पण तिच्या पलीकडे विचार करता येऊ लागला. रात्री दीड-दोन तास सलग झोप लागू लागली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घरच्यांची कसोटी लागली. आयव्हीआयजीचे पाच दिवस संपून दहा दिवस झाले तरी माझे बोटही हलत नव्हते. यजमानांनी सोनेतारण कर्जाची चौकशी करून ठेवली होती आणि ते डॉक्टरांना म्हणाले, "दुसरा कोर्स द्या, नाहीतर प्लाझ्मा बदला, पैशाचा विचार करू नका." डॉक्टरांनी त्यांना बसवून घेतले आणि दोन चाचण्यांची माहिती दिली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, ३८३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत प्लाझ्मा बदलून वर आयव्हीआयजी दिल्याने एकट्या उपायापेक्षा उल्लेखनीय लाभ दिसला नव्हता. आणि २०२१ साली नेदरलँड्समधून आलेल्या चाचणीत, ज्यांची प्रकृती सुधारण्याची चिन्हे माझ्यासारखीच कमी होती अशा ९३ रुग्णांपैकी ज्यांना दुसरा डोस मिळाला, ते अधिक लवकर बरे झाले नाहीत. उलट त्यांच्यात रक्ताच्या गाठींसारखे गंभीर दुष्परिणाम जास्त आढळले. "आता आपण जे करतो आहोत ते म्हणजे त्यांना जपणे, आणि तो लहानसहान उपचार नाही," असे ते म्हणाले. वहीत त्या दिवसापुढे यजमानांनी फक्त एवढेच लिहिले आहे: "थांबायचे ठरले." काही न करण्याचा निर्णय घेण्यासाठी पुरावा किती लागतो, आणि तो मान्य करायला घरच्यांना किती धीर लागतो, हे मी त्या दोन शब्दांवरून समजू शकते.

३ फेब्रुवारीला ट्रॅकिओस्टॉमी झाली, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत थेट नळी बसवली. शस्त्रक्रियागृहाकडे नेताना व्हेंटिलेटर सुटला आणि वाटेत निवासी डॉक्टर हाताने फुगा दाबत माझ्या खाटेबरोबर चालत होते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे असेच फुगे दाबले आणि लुळ्या पडलेल्या मुलांना जगवले. अतिदक्षता विभाग ही कल्पना त्यातून पुढे आली. मला ते पाच मिनिटांचे अंतर पुरे झाले.

पहिली हालचाल ११ फेब्रुवारीला उजव्या खांद्यात आली, आणि २४ तारखेला, चौतीस दिवसांनी, व्हेंटिलेटर पूर्ण सुटला. त्यानंतरचे दिवस व्यायामाचे होते आणि त्यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी लांबण लावत नाही. फिजिओथेरपीच्या दालनात माझ्या शेजारी एक गृहस्थ असत, ज्यांना जीबीएस नव्हता. रक्तातील जंतुसंसर्गामुळे महिनाभर व्हेंटिलेटरवर राहून त्यांचे हातपाय असेच गळून गेले होते. दीर्घ गंभीर आजारच मज्जातंतूंना इजा करतो, हे कॅनडातील चार्ल्स बोल्टन यांनी १९८४ साली दाखवून देईपर्यंत अशा रुग्णांची कारणे भलतीकडेच शोधली जात असत. आम्ही दोघे एकाच कठड्याला धरून उभे राहायला शिकलो. २० मार्चला मी वॉकर घेऊन घरी आले, जुलैत काठीवर आले, आणि सप्टेंबरात पतसंस्थेत अर्धा दिवस जाऊ लागले.

वेदना मात्र माझ्याबरोबर घरी आली. अशक्तपणा ओसरत असताना तिने तळपाय सोडले नाहीत. रात्री नऊनंतर डाव्या तळव्याची आग सुरू होई आणि मी फरशीवर पाय टेकवून बसे. मला वाटत होते की हे माझ्याच वाट्याला आले असावे. मग मुलीने नेदरलँड्समधील २०१० सालचा अभ्यास दाखवला. त्यात १५६ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला होता. ३६ टक्क्यांना अशक्तपणा येण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत वेदना झाल्या होत्या, म्हणजे माझी भोगीची सकाळ त्या आकड्यात होती. आजाराच्या तीव्र काळात ६६ टक्क्यांना वेदना होत्या. आणि वर्षानंतरही ३८ टक्क्यांच्या वेदना राहिल्या होत्या. ज्या तिघा फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, दोन सैनिकांवरून या आजाराचे वर्णन केले, त्यांनीही लक्षणांत स्नायू दाबल्यावर होणाऱ्या वेदनेचा उल्लेख केला होता. म्हणजे वेदना पहिल्या पानापासून होती.

तरीही ती बाजूला कशी पडली याचे उत्तर मला एका मोजपट्टीत मिळाले असे वाटते. जीबीएसच्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत यश ज्या श्रेणीवर मोजतात, ती रिचर्ड ह्यूझ यांनी १९७८ साली स्टेरॉइडच्या चाचणीसाठी वापरली होती. शून्य म्हणजे निरोगी, १ म्हणजे किरकोळ लक्षणे, पण धावता येते, २ म्हणजे आधाराशिवाय चालता येते, ३ आधाराने, ४ खाटेला किंवा खुर्चीला खिळलेला, ५ व्हेंटिलेटरवर, ६ मृत्यू. या श्रेणीने फार मोठे काम केले आहे. स्टेरॉइड या आजारात उपयोगी पडत नाहीत, हे तिच्यामुळेच कळले आणि त्यातून असंख्य रुग्ण निष्फळ औषधापासून वाचले. जगणे आणि चालणे आधी मोजले पाहिजे, हेही मला मान्य आहे. त्या पट्टीवरून मी ५ वरून २ वर आले याचा आनंद मला रोज सकाळी होतो. पण तिच्यात वेदनेला जागा नाही. रात्रभर पाय जळत असलेला माणूस धावू शकत असेल, तर तो तिच्या लेखी जवळजवळ बरा झालेला असतो. वेदनेवरच्या चाचण्यांत १८ आणि ३६ रुग्ण असावेत आणि ताकदीवरच्या चाचणीत ३८३, यातले अंतर केवळ पैशाचे नसावे. जे मोजपट्टीवर नसते त्याचा अभ्यास उशिरा होतो.

ऑक्टोबरच्या तपासणीला नव्या निवासी डॉक्टर होत्या. त्यांनी खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा, घोटा यांची ताकद दोन्ही बाजूंनी तपासली आणि ६० पैकी ५४ असे लिहिले. जानेवारीच्या अखेरीस तो आकडा ४ होता. दहा मीटर चालून दाखवायला सांगितले, मी काठी न घेता चालले. त्यांनी हसून फाइल मिटायला घेतली. मी त्यांना म्हणाले, "अजून एक राहिले. डावा तळवा, रात्री, दहापैकी तीन. गोळी चुकली तर पाच." त्यांनी फाइल पुन्हा उघडली, वेदनेसाठी छापील रकाना कोठे आहे ते शोधले, तो नव्हता, म्हणून समासात लिहिले, आणि मग मान वर करून विचारले, "चादर सहन होते का?"

मी होय म्हणाले. उजव्या पायावर होते. डावा मी अजून बाहेर ठेवते.